शिपाई ते सुभेदार मेजर: गावच्या फलकावर सैनिकांची पदे कशी आणि कोणत्या क्रमाने लिहावीत?

माणदेशी_वाचक

नमस्कार. आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. गावातून आजवर सैन्यात गेलेल्या सर्वांची नावे दगडी फलकावर कोरून घ्यावीत असे ग्रामपंचायतीने ठरवले असून यादी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. घरोघरी जाऊन नाव, पलटण, भरतीचे वर्ष आणि पद एवढीच माहिती मी विचारतो आहे. परंतु पदाच्या रकान्यापाशी आल्यावर माझे काम अडते, कारण प्रत्येक घरातून वेगळाच शब्द ऐकायला मिळतो आणि त्यांतील कोणता कोणाच्या वरचा हे मला ठरवता येत नाही.

नाशिक रोडला प्रशिक्षण घेतलेला एक तरुण स्वतःला गनर म्हणवतो, नगरला प्रशिक्षण घेतलेला सवार म्हणवतो, खडकीहून गेलेला सॅपर आहे आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतील मुले साधे शिपाई असे सांगतात. हे चौघे एकाच पायरीवर आहेत का? एका घरी ‘हवालदार मेजर’ असे सांगितले गेले आणि शेजारच्या घरचे गृहस्थ मेजर म्हणून निवृत्त झालेले आहेत. या दोन पदांत किती अंतर असते? एका सुभेदारांच्या छायाचित्रात खांद्यावर दोन तारे दिसतात, आणि लेफ्टनंटच्या खांद्यावरही दोनच तारे असतात असे मी वाचले आहे. मग सुभेदार हे अधिकारी मानायचे की जवान? याशिवाय एक ‘ऑनररी कॅप्टन’ आहेत, आणि मिलिटरी पोलिसांत गेलेली गावातील एक मुलगी प्रशिक्षण संपताच लान्स नाईक झाली असे तिचे वडील सांगतात, जे मला समजले नाही.

दगडावर एकदा कोरलेले पुसता येत नाही. म्हणून जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

---

पलटणवाला

आपण आधी विचारून घेत आहात हे फार चांगले करीत आहात. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. अनेक गावांच्या फलकांवर पदे चुकीची कोरलेली पाहिली आहेत आणि त्या कुटुंबांना ते किती लागते हेही पाहिले आहे.

सर्वप्रथम पद आणि नेमणूक या दोन गोष्टी वेगळ्या करा, म्हणजे आपला निम्मा गोंधळ दूर होईल. पद माणसाबरोबर जाते. नेमणूक म्हणजे त्या पदावरच्या माणसाला त्या काळापुरते दिलेले काम. भारतीय सैन्यात भरती झालेल्या जवानाची पदे क्रमाने शिपाई, लान्स नाईक, नाईक आणि हवालदार अशी आहेत. लान्स नाईकाच्या बाहीवर एक फीत, नाईकाच्या दोन आणि हवालदाराच्या तीन असतात, शिपायाच्या बाहीवर एकही नसते. लान्स नाईकापासून हवालदारापर्यंतचे सर्व जण एनसीओ, म्हणजे नॉन-कमिशन्ड ऑफिसर. यानंतर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर ही जेसीओंची, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांची, तीन पदे येतात आणि त्यांच्याही पुढे लेफ्टनंटपासून अधिकाऱ्यांची श्रेणी सुरू होते.

गनर, सवार, सॅपर आणि शिपाई हे चौघे अगदी एकाच पायरीवर आहेत. तोफखान्यात शिपायाला गनर म्हणतात, रणगाडा दळात सवार, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रायफल्स रेजिमेंटांमध्ये रायफलमन, ग्रेनेडियर्समध्ये ग्रेनेडियर आणि ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या दळात, क्राफ्ट्समन. फलकावर या सर्वांना सरसकट ‘शिपाई’ करू नका, कारण ज्याने आयुष्यभर गनर म्हणून मान मिळवला त्याला तोच शब्द आपला वाटतो. रणगाडा दळात पुढची नावेही बदलतात: हवालदाराला दफेदार, सुभेदाराला रिसालदार आणि सुभेदार मेजराला रिसालदार मेजर म्हणतात.

आता हवालदार मेजर. ही नेमणूक आहे, आणि ती सांभाळणाऱ्याचे पद हवालदार हेच असते. प्रत्येक कंपनीत एक कंपनी हवालदार मेजर असतो, ज्याला सर्व जण सीएचएम म्हणतात. संध्याकाळच्या गिनतीला कंपनी रांगेत उभी राहिली की हजर किती, रजेवर किती, इस्पितळात किती याचा हिशेब तोच देतो, उद्याचा पहारा कोणाचा आणि लंगरच्या कामाला कोण हेही तोच वाचून दाखवतो, आणि एखाद्याच्या बुटाची नाडी सुटलेली असली तरी ती त्याच्या नजरेतून सुटत नाही. कंपनीची शिस्त प्रत्यक्षात त्याच्या हातात असते. दुसरी तशीच नेमणूक कंपनी क्वार्टर मास्टर हवालदाराची; शिधा, कपडे, बिछाने, भांडी, सगळे सामान त्याच्या ताब्यात. ही कोठाराची नेमणूक आहे म्हणून कोणी तिला कमी लेखू नये. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडून परमवीर चक्र मिळवणारे अब्दुल हमीद हे ४ ग्रेनेडियर्समध्ये कंपनी क्वार्टर मास्टर हवालदारच होते.

याउलट मेजर हा अधिकारी असतो आणि साधारणपणे अख्खी कंपनी त्याच्या हुकमाखाली असते. तेव्हा त्या दोन शेजाऱ्यांच्या पदांमध्ये तीन जेसीओ पदे आणि लेफ्टनंट व कॅप्टन ही दोन अधिकारी पदे आहेत. फलकावर पहिल्यांच्या नावापुढे ‘हवालदार (कंपनी हवालदार मेजर)’ असे लिहिले तर पदही बरोबर राहील आणि त्यांच्या नेमणुकीचा मानही राहील. फक्त ‘सुभेदार मेजर’ या शब्दाला हा नियम लावू नका, कारण ते मात्र खरोखर पद आहे, आणि पलटणीत त्या पदावर एकच व्यक्ती असते.

सुभेदारांच्या दोन ताऱ्यांबद्दल. त्यांचे छायाचित्र पुन्हा नीट पाहा: ताऱ्यांसोबत लाल, पिवळा, लाल अशी आडवी पट्टी दिसेल. नायब सुभेदाराला एक तारा आणि ही पट्टी, सुभेदाराला दोन तारे आणि पट्टी, सुभेदार मेजराला अशोकस्तंभ आणि पट्टी. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असतात पण पट्टी नसते आणि मेजरच्या खांद्यावर नुसता अशोकस्तंभ असतो. कृष्णधवल छायाचित्रात रंग कळत नाहीत, म्हणून पट्टी आहे की नाही एवढेच शोधा.

जेसीओ अधिकारी की जवान, याचे उत्तर असे की त्यांची श्रेणी स्वतंत्र आहे. १९५० च्या सेना अधिनियमात अधिकारी, जेसीओ आणि एनसीओ यांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत. बहुतेक जेसीओ शिपाई म्हणून भरती होऊन एकेक पायरी चढत आलेले असतात आणि तरीही त्यांना राष्ट्रपतींच्या नावाने कमिशन, म्हणजे अधिकारपत्र, मिळालेले असते. सर्व जवान त्यांना ‘साहेब’ म्हणतात आणि अधिकारीही त्यांना ‘सुभेदार साहेब’ असेच संबोधतात. अमेरिकी किंवा ब्रिटिश पायदळात सुमारे तीस जणांच्या प्लाटूनचे नेतृत्व तरुण लेफ्टनंट करतो आणि त्याच्या हाताशी अनुभवी सार्जंट असतो. आपल्याकडे बहुतेक प्लाटूनांचे नेतृत्वच जेसीओ करतात. नव्याने आलेल्या लेफ्टनंटला पलटणीची पहिली ओळखही बहुधा एखादा सुभेदारच करून देतो, आणि मला हे आपल्या सैन्याचे मोठे बळ वाटते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाहेरच्या लोकांचे लक्ष खांद्यावरच्या ताऱ्यांकडे जाते, परंतु लढाईत शिपाई ज्याचे तोंड पाहतो तो त्याचा सेक्शन कमांडर असतो. सेक्शन म्हणजे सुमारे दहा जण, आणि त्यांचा प्रमुख हवालदार किंवा नाईक. रात्रीच्या गस्तीवर निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावरची एकही वस्तू हालचालीत वाजत नाही ना हे तो एकेकाला उडी मारायला लावून तपासतो. लाइट मशीनगन कोणाकडे, जादा मॅगझिन कोणाकडे, पाणी किती, हे त्याला न विचारता ठाऊक असते. आणि लांबच्या मार्चनंतर स्वतः बसण्याआधी तो पोरांचे बूट उतरवून पायांना फोड आले आहेत का हे पाहतो. ‘नुसता नाईक होता’ असे घरच्यांनी सांगितले तर त्यांना समजावून सांगा की त्यांच्या माणसाने दहा जणांच्या जिवाची जबाबदारी वाहिलेली असू शकते.

---

नोंदवही

पलटणवाला साहेबांनी मुख्य भाग सांगितलाच आहे. माजी सैनिकांच्या कागदपत्रांचे काम मी बरीच वर्षे केले असल्याने कागदाच्या बाजूने काही गोष्टी सांगते.

घरच्यांनी तोंडी सांगितलेल्या पदावर विसंबू नका. निवृत्त सैनिकाचे डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, पाहा. दोन्ही सापडत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेल्या ओळखपत्रावरही पद असते. पद आणि वेतनश्रेणी मात्र वेगवेगळ्या असू शकतात. जागा रिकामी नसल्यामुळे बढती मिळाली नाही तरी ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरच्या श्रेणीचे वेतन देणारी एमएसीपी नावाची योजना आहे. त्यामुळे एखाद्या नाईकाला हवालदाराच्या श्रेणीचे वेतन मिळालेले असते, घरचे प्रामाणिकपणे ‘हवालदार’ असे सांगतात, आणि कागदावर पद नाईक हेच निघते. फलकावर कागदावरचे पद लिहावे.

वेतनश्रेणींवरून पायऱ्या सहज दिसतात, म्हणून सातव्या वेतन आयोगातील सुरुवातीचे मूळ वेतन देते: शिपाई आणि लान्स नाईक दोघांनाही २१,७०० रुपये, नाईकाला २५,५००, हवालदाराला २९,२००, नायब सुभेदाराला ३५,४००, सुभेदाराला ४४,९०० आणि सुभेदार मेजराला ४७,६००. लेफ्टनंटची सुरुवात ५६,१०० पासून होते. शिपाई आणि लान्स नाईक यांचे वेतन सारखे असले तरी लान्स नाईकाकडे हुकूम देण्याचा अधिकार येतो, आणि बढतीची खरी सुरुवात तेथूनच होते. पुढच्या पायऱ्यांसाठी रिकामी जागा तर हवीच, शिवाय केडर, म्हणजे बढतीसाठीचे प्रशिक्षण, पूर्ण करावे लागते आणि शिक्षणाची, शारीरिक पात्रतेची व वर्तणुकीची अट पाळावी लागते. वरचे पद मिळाले की सेवेची कमाल मुदतही वाढते. म्हणून एकाच दिवशी भरती झालेल्या दोन मित्रांपैकी एक जण चाळिशीच्या आसपास घरी येतो आणि दुसरा पन्नाशीपर्यंत नोकरीत राहतो, आणि त्याचा परिणाम दोन्ही घरांतील मुलांच्या शिक्षणापर्यंत पोहोचलेला मी पाहिला आहे.

ऑनररी कॅप्टन म्हणजे मानद कॅप्टन. उत्तम सेवा केलेल्या निवडक जेसीओंना प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या निमित्ताने मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन ही पदे दिली जातात. सियाचीनमध्ये १९८७ साली शत्रूची चौकी जिंकून परमवीर चक्र मिळवणारे बाणा सिंह त्या वेळी नायब सुभेदार होते आणि ते मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. हा फार मोठा सन्मान आहे. पण ‘मानद’ हा शब्द गाळून नुसते ‘कॅप्टन’ लिहिणे चूक ठरेल. निवृत्त होणाऱ्या काही हवालदारांनाही मानद नायब सुभेदार हे पद दिले जाते, तेव्हा तसा उल्लेख कागदात आहे का हे पाहून घ्या.

आपल्या गावच्या मुलीबद्दल तिचे वडील बरोबर सांगत आहेत. मिलिटरी पोलिसांत जवानाला अंमलबजावणीचे अधिकार लागतात, म्हणून तेथे प्रशिक्षण पूर्ण होताच लान्स नाईक हे पद देण्याची पद्धत होती. महिलांची पहिली ८३ जणींची तुकडी ८ मे २०२१ रोजी बेंगळुरूच्या केंद्रातून बाहेर पडली, तीही लान्स नाईक म्हणूनच. सर्वांची सुरुवात तळापासूनच होते असेही नाही: पलटणीतील धर्मगुरू, म्हणजे जवान ज्यांना पंडितजी, मौलवी साहेब किंवा ग्रंथीजी म्हणतात ते, थेट नायब सुभेदार म्हणून भरती होतात.

---

माणदेशी_वाचक

आपण दोघांनी दिलेली माहिती मी वहीत उतरवून घेतली आहे आणि उद्यापासून डिस्चार्ज बुके पाहण्यास सुरुवात करतो. दोन शंका उरल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या एका पूर्वजांचे पद घरच्या जुन्या कागदात ‘जमादार’ असे आहे, आणि त्यांच्या नातवाला ते फलकावर तसे लिहावे की नाही असा संकोच वाटतो. दुसरे म्हणजे, अलीकडे अग्निवीर म्हणून गेलेल्या मुलांपुढे काय लिहावे?

---

जुने_कागद

त्या नातवाला अवश्य सांगा की ‘जमादार’ हे अभिमानाने कोरण्यासारखे पद आहे. आज ज्याला नायब सुभेदार म्हणतात त्यालाच १९६५ पर्यंत जमादार म्हणत. त्यांच्या काळातील पद तसेच ठेवून पुढे ‘आजचे नायब सुभेदार’ एवढे जोडले तर वाचणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

ब्रिटिश काळात या श्रेणीला व्हाइसरॉयचे कमिशन मिळालेले अधिकारी, म्हणजे व्हीसीओ म्हणत. त्यांचा अधिकार हिंदी सैनिकांपुरताच असे. पलटणीत आयुष्य घालवलेला सुभेदार मेजरसुद्धा नुकत्याच आलेल्या सर्वांत कनिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्याच्या खालीच मानला जाई. तरीही जवानांची भाषा, त्यांचे सणवार, त्यांच्या घरच्या अडचणी इंग्रज अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणारा आणि त्याचा हुकूम जवानांना उमजेल असा सांगणारा माणूस हाच असे. डेहराडूनची मिलिटरी अकादमी १९३२ साली सुरू झाली आणि हिंदी अधिकारी वाढत गेले. स्वातंत्र्यानंतर अधिकारी आणि जवान एकाच देशाचे झाले, तेव्हा या मधल्या श्रेणीची गरज उरली का हा प्रश्न रास्त होता. परंतु ती मोडली नाही, केवळ तिचे नाव बदलून जेसीओ झाले. पाकिस्तानच्या सैन्यातही ती टिकून आहे. माझ्या मते ती टिकली याचे कारण असे की पदाच्या उतरंडीत ज्याला पूर्वी केवळ दुभाषी समजले जाई, तो प्रत्यक्षात प्लाटूनचा नेता होता आणि तसा नेता एका दिवसात तयार होत नाही.

पलटणवाला साहेबांनी नाईकाविषयी जे लिहिले त्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावजवळचे यशवंत घाडगे हे ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते आणि १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एका सेक्शनचे नेतृत्व करीत होते. अगदी जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले. आपल्या मागे आता कोणी नाही हे ठाऊक असूनही ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि तिचा चालक निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला मारले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही असे दिसताच बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या बाहीवर दोनच फिती होत्या.

शिपाई ते अधिकारी हा सबंध जिना चढलेले उदाहरण हवे असेल तर कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे पाहा. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, नाईक झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवरील कामगिरीनंतर हवालदार झाले, पुढे जमादार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा ते राजौरी या मार्गावर गोळीबार चालू असताना सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. आजही जवानाला अधिकारी होण्याचे मार्ग खुले आहेत; आर्मी कॅडेट कॉलेज हा त्यांतील प्रमुख मार्ग आहे.

---

नोंदवही

अग्निवीरांविषयी: जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार ‘अग्निवीर’ हेच त्यांचे स्वतंत्र पद आहे आणि ते इतर सर्व पदांपासून वेगळे मानले जाते. चार वर्षांच्या सेवेनंतर त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत घेतले जातील अशी ती योजना आहे. त्यामुळे आज त्यांच्या नावापुढे ‘अग्निवीर’ असेच लिहावे आणि पुढे भर घालता येईल एवढी जागा त्या ओळीत मोकळी सोडावी. सेवेत असलेल्या सर्वांच्याच ओळींना हे लागू आहे, कारण त्यांची पदे अजून बदलणार आहेत.

---

पलटणवाला

क्रमाविषयी माझे मत स्पष्ट लिहितो, कारण मूळ प्रश्नात तो मुद्दा आहे. नावे पदाच्या उतरंडीने लावू नका. पुण्यात खडकीला महायुद्धातील मृत सैनिकांची जी स्मशानभूमी आहे ती अवश्य पाहून या. राष्ट्रकुल देशांची जी संस्था अशा दफनभूमी सांभाळते तिने पदावरून भेद करायचा नाही हे तत्त्व पहिल्यापासून पाळले आहे, आणि तेथे अधिकाऱ्याची व जवानाची शिळा एकसारखीच असते. आपणही हुतात्म्यांची नावे सर्वांत वर घ्या आणि बाकीची नावे भरतीच्या वर्षानुसार लावा. प्रत्येकाचे पद त्याच्या नावाआधी असावे, अक्षरांचा आकार मात्र मानद कॅप्टनपासून गनरपर्यंत सर्वांचा एकच असावा.

निवृत्तांसाठी ‘माजी सुभेदार’ असे लिहू नका. माणूस निवृत्त होतो, पद निवृत्त होत नाही, म्हणून ‘नि.’ हे अक्षर नावानंतर कंसात येते: आधी सुभेदार, मग नाव, मग (नि.), आणि त्याच ओळीत पलटण व भरतीचे वर्ष. पाथरवटाकडे मजकूर देण्याआधी प्रत्येक घराला त्यांची ओळ कागदावर छापून दाखवा, डिस्चार्ज बुकाशी ताडून घ्या, आणि त्यावर घरच्या एका माणसाची सही घेऊन तो कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा.